आधी पैसे, मग भाजी. आधी गवत, मग नांगर

अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क राज्याचा उत्तरेकडचा पट्टा, शेतकऱ्याला पैशांची निकड लागते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. बाहेर बर्फ साचलेला असतो, जमीन गोठलेली असते आणि विकायला शेतात काडी नसते. नेमकं तेव्हाच बियाणं मागवायचं, रोपांसाठी हरितगृह तापवायचं, अवजारं दुरुस्त करायची आणि उन्हाळ्यात कामाला येणाऱ्या माणसांना शब्द द्यायचा. पहिली भाजी हाती येणार जूनमध्ये. मधल्या चार महिन्यांसाठी एकच वाट उरते, ती बँकेची. मृगाच्या आधी आपल्याकडे पीककर्जासाठी जी धावपळ होते, तिचीच ही बर्फातली आवृत्ती.

या भागातल्या काही छोट्या शेतांनी बँकेची ही वाट जमेल तितकी टाळली आहे. ती ग्राहकांकडून हंगामाचे पैसे आगाऊ घेतात आणि ट्रॅक्टरऐवजी घोडे जुंपतात. पहिली गोष्ट हिशेबाची वाटते आणि दुसरी हौसेची. मला मात्र दोन्ही एकाच जातीच्या वाटतात. बँकेचा पैसा आणि पंपावरचं डिझेल या दोन्ही गोष्टी शेताला बाहेरून आणाव्या लागतात. ही शेतं त्यांच्या जागी ओळखीच्या माणसांचे पैसे आणि स्वतःच्या कुरणातलं गवत वापरतात. ते जमण्यासाठी वर्षभर काय काय करावं लागतं, ते जरा सविस्तर पाहू.

आधी पैशांचं. अशा शेताचे ग्राहक हे सभासद असतात. हिवाळ्यात ते एका हंगामाचा हिस्सा विकत घेतात आणि पूर्ण रक्कम किंवा निदान पहिला हप्ता तेव्हाच भरतात. जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला आपला वाटा ते घेऊन जातात. टोमॅटो भरपूर आले तर पिशवी भरून मिळतात. गारपीट झाली, करपा पडला, तर टोमॅटो नाहीत, आणि पैसेही परत नाहीत. नुकसान शेतकरी आणि सभासद मिळून सोसतात. भाजीवाल्याकडे महिन्याचं खातं असणं वेगळं आणि हे वेगळं: खात्यावर आधी माल मिळतो, इथे आधी पैसे जातात आणि मालाची हमी नसते.

अमेरिकेत ही पद्धत १९८६ मध्ये जवळपास एकाच वेळी दोन ठिकाणी सुरू झाली. एक मॅसॅच्युसेट्समधलं इंडियन लाइन फार्म, दुसरं न्यू हॅम्पशायरमधलं टेंपल-विल्टन कम्युनिटी फार्म. दोन्हींची प्रेरणा युरोपातल्या, विशेषतः स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या प्रयोगांतून आली. जपानमध्ये ग्राहक आणि शेतकरी यांची अशी थेट बांधणी १९७० च्या दशकातच रुजली होती. तिथे ती तेइकेइ या नावाने ओळखली जाते. टेंपल-विल्टनची रीत मला सगळ्यांत धाडसी वाटते. तिथे हिश्श्याला ठरलेली किंमतच नाही. शेतकरी वर्षाचा पूर्ण खर्च सभेपुढे ठेवतात आणि प्रत्येक कुटुंब आपल्या ऐपतीप्रमाणे किती देणार ते सांगतं. बेरीज खर्चाएवढी भरली की काम झालं. भाजी मात्र ज्याला जितकी लागेल तितकी, दिलेल्या पैशांच्या प्रमाणात नाही. बहुतेक शेतं इतकी पुढे जात नाहीत. ठरलेली रक्कम आणि ठरलेला वाटा हाच सर्रास नियम.

आता घोडे. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत अडीच कोटींहून जास्त घोडे आणि खेचरं होती. मग ट्रॅक्टर आले, आणि १९५४ मध्ये तिथल्या शेतांवर ट्रॅक्टरांची संख्या पहिल्यांदाच घोडे-खेचरांच्या पुढे गेली. त्यानंतर ही विद्या मरायलाच हवी होती. ती टिकली मुख्यतः आमिश लोकांमुळे. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियानातल्या या धार्मिक समाजाने शेतात ट्रॅक्टर न चालवण्याचा नियम पाळला, त्यामुळे घोडे पैदास करणारे, साज शिवणारे, नालबंद, अवजारांचे कारखाने सगळं जिवंत राहिलं. आज एखादं शहरी जोडपं नोकरी सोडून घोड्यांवर शेती करायला निघतं, तेव्हा जोडी आणि साज आमिश माणसाकडून घेतं, आणि पहिले धडेही बऱ्याचदा त्याच्याकडूनच. नवी अवजारंही तिथेच बनतात. आमिश वस्त्यांमध्ये १९९४ पासून दरवर्षी घोड्यांच्या शेतीचं मोठं प्रदर्शन भरतं आणि तिथे नव्या बनावटीचे नांगर घोडे जुंपून चालवून दाखवतात. म्हणजे हा सगळा जुन्या बाजाराचा माल नाही.

हे घोडे आपल्या डोळ्यांसमोरचे घोडे नव्हेत. भीमथडीचं चपळ तट्टू किंवा टांग्याचा घोडा साडेतीनशे-चारशे किलोच्या आतबाहेर. बेल्जियन किंवा फ्रान्समधल्या पर्श प्रांताचा पर्शरॉन आठशे ते हजार किलोंचा. इंग्लंडचा तांबूस सफक आता दुर्मीळ झाला आहे. छोट्या शेतांवर नॉर्वेचे बुटके, मातकट रंगाचे फ्योर्डही दिसतात. आपल्याकडे घोडा राहिला स्वारीचा आणि नांगर राहिला बैलाचा. दोन्हींच्या ओढण्यातच फरक आहे. आपल्या बैलाला वशिंड असतं, जू त्याच्या पुढे मानेवर बसतं आणि बैल त्याला रेटा देतो. घोड्याला वशिंड नाही. त्याच्या गळ्याला नुसता पट्टा बांधला तर ओढताना श्वासनळी दाबली जाते. म्हणून भरीव कातडी कॉलर खांद्यांवर बसवतात; घोडा ती छातीने आणि खांद्यांनी ढकलतो आणि बाजूच्या पट्ट्यांमधून जोर मागच्या आडव्या दांडीपर्यंत पोचतो. कॉलरचं माप चुकलं की खांदे सोलवटतात आणि ऐन हंगामात जोडी बसून राहते. मापाची जुनी रीत अशी की कॉलरच्या खालच्या टोकाशी, गळा आणि कातडं यांच्यामध्ये, सपाट हात सहज सरकला पाहिजे. वजन कमी-जास्त झालं की माप बदलतं. त्यामुळे एकाच घोड्याला वसंतात एक आणि शरदात दुसरी कॉलर लागू शकते.

ताकदीचा हिशेब सोपा आहे. चांगला घोडा आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ओढ दिवसभर देऊ शकतो. नऊशे किलोंचा घोडा नव्वद किलोंच्या ओढीने ताशी चार किलोमीटर चालला तर ती ताकद सुमारे एक किलोवॅट, म्हणजे सव्वा-दीड अश्वशक्तीच्या मधली. छोट्या ट्रॅक्टरची पंचवीस-तीस अश्वशक्ती असते. पण नांगर मुळाला अडकला तर घोडा काही क्षण याच्या कितीतरी पट जोर लावतो.

वर्ष सुरू होतं मार्चमध्ये, आणि तेही शेतात नाही, रानात. रात्री पारा शून्याखाली आणि दुपारी शून्याच्या वर असे दिवस आले की शुगर मेपल झाडांत रस वाहू लागतो. खोडाला भोक पाडून रस बादल्यांत साठवतात, घसरगाडीवर टाकी ठेवतात आणि घोडे ती बर्फावरून ओढतात. चाळीस लिटर रस आटवला तर जेमतेम एक लिटर काकवी होते. तिथले लोक तिला सिरप म्हणतात, पण गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला ही चुलाणं आणि ही वाफ ओळखीची वाटेल. या कामात घोड्याचा असा फायदा आहे की जो कुठल्याही यंत्रात नाही: माणूस बादली ओतत असताना हाक दिली की जोडी आपली आपण पुढच्या झाडापर्यंत जाते आणि थांबते. लगाम धरायला दुसरा माणूस लागत नाही. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे, ‘व्होऽ’ म्हटलं की जागेवर. या तिसऱ्या हुकुमावर जी जोडी शंभर टक्के थांबत नाही ती शेतावर ठेवू नये, असं जाणते सांगतात आणि ते अक्षरशः खरं आहे. बिथरलेली जोडी मागच्या दात्यांच्या अवजारासकट पळाली तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो.

हिवाळ्यात बराचसा वेळ बसून खाल्लेल्या घोड्याला एप्रिलमध्ये एकदम नांगराला जुंपता येत नाही. खांद्यांची कातडी मऊ पडलेली असते, दम गेलेला असतो, अंगावर हिवाळी केस असतात आणि घाम लवकर येतो. आधी अर्धा तास हलकी गाडी, मग तास, मग शेणखत पसरणारी गाडी, असं दोन-तीन आठवड्यांत त्याला कामावर आणतात. रोज खरारा, रोज खांदे चाचपून पाहणं. खुराकाचीही गंमत आहे. कामाच्या दिवशी ओट दिले जातात. सुट्टीच्या दिवशी तेवढेच दिले आणि दुसऱ्या दिवशी जुंपलं तर मागचे स्नायू आखडून घोडा उभ्या उभ्या जखडतो. पूर्वी रविवारी चर्चची सुट्टी असायची, म्हणून या दुखण्याला सोमवारचा आजारच म्हणायचे. घोडा रवंथ करत नाही, त्याला उलटी करता येत नाही. पोटात गोळा आला तर थेट जिवावर बेततं. हिवाळ्यानंतरच्या कोवळ्या गवतावर एकदम सोडला तर खुरांच्या आत सूज येऊन कायमचा लंगडा होऊ शकतो. मग पहिल्या दिवशी थोडाच वेळ चराई आणि पुढे हळूहळू वाढ. बैल सांभाळलेल्या माणसाला घोडा फारच नाजूक वाटेल, आणि तो आहेच.

मग वाफशाची वाट. बर्फ वितळून झालेला चिखल निघून जमीन कामाजोगी व्हायला एप्रिलचा शेवट उजाडतो. एक फूट रुंदीचं तास धरून एक एकर नांगरायचा तर जोडीला आणि मागच्या माणसाला तेरा किलोमीटरांहून जास्त चालावं लागतं. टोकाला वळण्याचं अंतर वेगळंच. दिवसाला एक ते दीड एकर झाला तर दिवस चांगला गेला म्हणायचा. ट्रॅक्टरवाला शेजारी तेवढं काम तासा-दीड तासात उरकतो. इथे घोड्यांची बाजू घेणारे लोक जमीन दबत नाही हा मुद्दा लगेच काढतात. मुद्दा खरा आहे, पण मला तो दुय्यम वाटतो. नऊशे किलो चार खुरांवर तोललेले असतात, आणि ओल्या जमिनीत घातलेला घोडाही चिखल तुडवतोच. खरा फरक असा की घोड्याचं खूर एका ठिकाणी पडतं, चाकासारखं सलग पट्टा दाबत जात नाही.

घोड्याचा खरा उपयोग दिसतो तो कोळपणीत. मे-जूनमध्ये भाजीच्या ओळी उगवल्या की तण त्याच्या मागोमाग असतं. जोडी ओळीच्या दोन्ही बाजूंनी चालते, माणूस वरच्या आसनावर बसून पायांनी खालचे दाते डावी-उजवीकडे सरकवतो आणि रोपाच्या बोटभर अंतरावरून तण उपटत जातो. गती इतकी संथ की नजर ओळीवरून हलवावी लागत नाही. मात्र दोन ओळींमधलं अंतर घोड्याच्या अंगावर ठरतं, पिकावर नाही. अडीच-तीन फूट ठेवावंच लागतं. जमीन मुबलक असेल तर हे परवडतं. तण दोन पानांवर येण्याआधी, मातीखाली पांढऱ्या दोऱ्याएवढं असतानाच हलवलं तर निम्मी लढाई जिंकली, आणि त्यासाठी दर पाच-सात दिवसांनी शेतात जावं लागतं. पेनसिल्व्हेनियातल्या बीच ग्रोव्ह नावाच्या घोड्यांवर चालणाऱ्या शेताने याच्याही पुढचा डाव मांडला. निम्मी जमीन दरवर्षी भाजीऐवजी हिरवळीच्या पिकाला आणि पीक न घेता नुसत्या मशागतीला द्यायची, म्हणजे तणाचं बियाणं उगवून उगवून संपतं. गवतावर चालणारी ताकद फुकट असल्यासारखी वापरता येते तेव्हाच असा विचार सुचतो.

फुकट असल्यासारखी, पण फुकट नाही. ते कळतं जूनच्या शेवटी, गवत कापायला सुरुवात होते तेव्हा. या शेतांवरचा सगळ्यांत महत्त्वाचा हंगाम हाच, आणि सभासदांच्या खोक्यात त्यातलं काहीच जात नाही. नऊशे किलोंच्या घोड्याला दिवसाला अठरा किलोंच्या आसपास सुकं गवत लागतं. नोव्हेंबर ते मेच्या सुरुवातीपर्यंत कुरणात काही नसतं. सहा महिने धरले तरी एका घोड्याचं सव्वातीन टन, जोडीचं साडेसहा. एकरी दोन टनांचा उतार धरला तर जोडीच्या फक्त हिवाळ्यासाठी तीन-साडेतीन एकर कुरण बाजूला ठेवायला हवं. उन्हाळी चराई आणि ओट वेगळे.

कापणीला बऱ्याचदा १९४० च्या दशकातलं मॅककॉर्मिक-डीअरिंगचं ९ नंबरचं यंत्र असतं. त्याला इंजिन नाही. घोडे पुढे चालले की लोखंडी चाकं फिरतात, चाकांवरून दातेरी चक्रं फिरतात आणि बाजूला आडवी पसरलेली पाच-सहा फुटांची करवती पात कात्रीसारखी पुढे-मागे होते. घोडे थांबले की पात थांबते. आजही अशी यंत्रं दुरुस्त करून विकणारे आहेत, सुटे भाग नवे बनतात. कापलेलं गवत पसरायचं, उलटायचं, ओळींत ओढायचं, आणि सलग तीन कोरडे दिवस मिळाले तर कोठारात भरायचं. ओलं भरलं तर ते आतून तापतं. कोठारं अशीच पेटतात. पेटलं नाही तरी बुरशी धरतं, आणि बुरशीचं गवत गायीपेक्षा घोड्याला जास्त बाधतं, त्याला दमा लागतो. म्हणून जूनअखेरीस हवामानाचा अंदाज पाहून बाकी सगळी कामं सोडली जातात. भाजीच्या ओळींत तण माजतं, कारण माणसं कुरणात असतात. उद्याच्या भाजीची ताकद आज साठवायची म्हणून आजची भाजी मागे पडते. वर्षातला हा ताण कुणालाही चुकत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये काम पहाटे पाचला सुरू होऊन दहाला थांबतं. दुपारी घोडे माशांपासून लपून तबेल्यात उभे राहतात, संध्याकाळी पुन्हा दोन तास. सभासदांचा मात्र हाच सुगीचा काळ. आठवड्याच्या ठरल्या दिवशी लोक येतात, फळ्यावर लिहिलेला वाटा मोजून घेतात, पोरं घोड्यांना पाहायला कुंपणाशी धावतात. बॉस्टनजवळ राहणाऱ्या मराठी माणसाने असा हिस्सा घेतला तर नवलकोल, मुळा, बीट पाहून त्याला बरं वाटेल. चौथ्या आठवड्यात पुन्हा केल या पालेभाजीची जुडी आली की मात्र घरात चर्चा होते. सभासद गळण्याचं मोठं कारण हेच असतं: न मागितलेल्या भाजीचा कंटाळा. लेक चँप्लेनकाठच्या एसेक्स फार्मने यावर वेगळा तोडगा काढला. नुसती भाजी नाही, तर दूध, मांस, अंडी, धान्य, पीठ, मेपल सिरप, सगळंच वर्षभर, आणि प्रत्येकाने आपल्याला हवं ते उचलायचं. सुरुवातीच्या काळात तिथली बरीचशी मशागत घोड्यांवरच झाली. पण एवढा पसारा सांभाळायला माणसं लागतात, आणि ती ताकद कुरणात उगवत नाही.

शरद ऋतू भरभर जातो. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिलं हिमदव पडतं, त्याआधी भोपळे आत यायला हवेत. घोडे नांगराने बटाट्याच्या सऱ्या फोडतात आणि मागून माणसं वेचतात. त्या दिवशी सभासदांनाही बोलावतात, आणि ते हौसेने येतात. रिकाम्या झालेल्या जमिनीत राय नावाचं धान्य पेरतात, ऑक्टोबरमध्ये लसूण लावतात.

हिवाळ्यात रानातून लाकूड ओढून आणणं हे घोड्यांचं आवडतं काम असतं असं तिथले लोक म्हणतात. थंडी त्यांना मानवते, आणि बर्फावरून ओंडका सहज सरकतो. नालांना टोकदार खिळे बसवतात म्हणजे पाय घसरत नाहीत. साज सुटा करून धुतात, तेल लावतात, एकेक टाका तपासतात. एका घोड्याची लीद-मूत मिळून दिवसाला चाळीस किलोंच्या आसपास होते. सहा महिन्यांत तबेल्यामागे जो ढीग लागतो तो कुजून वसंतात पुन्हा शेतात जातो.

आता परवडतं का हा प्रश्न. ट्रॅक्टर उभा असला तर खात नाही. घोडा रोज खातो, मग काम असो वा नसो. दहा-वीस एकरांच्या शेतात कामाचे दिवस भरपूर असतात, शंभर एकरांच्या मक्यात नसतात. नवशिक्याने पहिल्या वर्षी फक्त घोड्यांवर भिस्त ठेवणं म्हणजे सभासदांच्या पैशांशी जुगार, असं माझं मत आहे. म्हणूनच बरीच शेतं एक जुना ट्रॅक्टर ठेवतातच, खत भरायला आणि अडीनडीला. त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. आमिश शेतकरीसुद्धा घोडे ओढत असलेल्या गाडीवर इंजिन बसवून गवताच्या पेंढ्या बांधतो.

घोड्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र ट्रॅक्टर कधीच करू शकत नाही: घोडा आपली जागा स्वतःच भरून काढतो. घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे. शिंगरू जन्मतं नेमकं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे आई नांगराला हवी असते तेव्हा, त्यामुळे कुठल्या वर्षी हा तोटा सोसायचा ते वर्षभर आधी ठरवावं लागतं. बरीच छोटी शेतं ही कटकट टाळून शिकलेलं जनावरच विकत घेतात. जी घरी वाढवतात ती शिंगराला दोन-तीन वर्षांचं झाल्यावर म्हाताऱ्या घोड्याशेजारी जुंपतात. म्हातारा घोडा मधमाशी चावली तरी हलत नाही, ‘व्होऽ’ला थांबतो, वळणावर आतला पाय आखडता घेतो. शिकवणीचं निम्मं काम तोच उरकतो, आणि तोवर तो स्वतः विशीला टेकलेला असतो.